लाल मातीचे वाल

"मग, नफ्याचं काय करायचं ठरलं?" सायबर कॅफेवाल्या दादांनी विचारलं.

मी काहीच ठरवलं नव्हतं. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. कॉलेज सुटल्यावर मुरबाडमध्ये त्यांच्याकडे बसून मी मेल वाचायचे, तशी त्या दिवशीही बसले होते, एवढंच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कॉम्प्युटरच्या तासाला शिकले त्या जोरावर मी इंटरनेटवर एक फुकटचं पान तयार केलं होतं: सिद्धगडाकडच्या आमच्या गावचे कडवे वाल. शहरातली माणसं मेल करायची, मी पोस्टाने पार्सल पाठवायचे. भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर हे वाल होतात. आई ते लाल मातीच्या पाण्यात घोळून उन्हात वाळवायची, म्हणजे भुंगा लागत नाही. पहिल्याच वर्षी एका बाईंनी तक्रार केली, वालांना माती आहे. मी आईला वाचून दाखवलं.

"त्यांना सांग गो, माती फुकट दिलीय. वजनात नाय धरली."

ते वाक्य मी तसंच पानावर टाकलं. त्या बाईंनी पुढच्या वर्षी दुप्पट मागवले.

दादांचं म्हणणं, स्वतःच्या नावाची वेबसाइट घ्यावी, चकचकीत पाकिटं छापावीत. मला ते पटत होतं. खरं तर कुणी काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं. घरी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "तुजं तू बघ. मला त्यातलं नाय कळत."

काकी भाकरी घेऊन आली होती. तिने ऐकलं.

"पाकिटं छापशील, पण त्यात भरशील काय?"

"वाल. दरवर्षीसारखे."

"दरवर्षी गावच्या बायका तुज्या आयशीला वाल द्यायच्या. पैशे मागनं, वाल विकल्यावर. तुला कोण देल? व्यापारी खळ्यावर रोख घेऊन उभा राहतो."

हे मला माहीत होतं आणि तरी कधी लक्षात आलं नव्हतं. धंदा माझ्या पानावर चालतो असं मी समजत होते. तो आईच्या शब्दावर चालला होता.

वाल अजून शेतात होते तेव्हाच मी काकीबरोबर घरोघर गेले आणि सगळा नफा आगाऊ वाटला. वेबसाइट राहून गेली. वाटलं होतं, एखादी तरी म्हणेल, राहू दे, मागाहून दे. कुणी म्हणालं नाही. सगळ्यांनी पैसे मोजून घेतले. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. एकीने फक्त विचारलं, "माती कोण लावणार गो?"

"मी," मी म्हटलं.

वाल आले. बांधाजवळची माती आणून कालवली, घोळले, अंगणात पसरले. हात कोपरापर्यंत लाल झाले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. शेजारची कोंबडी वालांवरून चालत गेली, ती हाकलली.

पार्सलं गेली. काही दिवसांनी, पहिल्या वर्षी तक्रार केलेल्या त्याच बाईंचा मेल आला: वाल छान आहेत, पण यंदा माती जरा पातळ लागली आहे का?

दादा मागून वाचत होते.

मी लिहिलं, "हो. यंदा मी लावली आहे. लवकर संपवा."