पुसलेली कॅसेट

काही प्रकरणे निवृत्तीबरोबर संपत नाहीत. मानवत भागातल्या एका खेड्यातील हे प्रकरण त्यांपैकी एक.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. ठाण्यातली बहुतेक माणसे बंदोबस्ताला गेलेली असायची. अशात एक विवाहिता शेतातल्या विहिरीत पडून मरण पावल्याची खबर तिच्या दिराने दिली. काठावर बादली होती. पाणी काढताना पाय घसरला, असे त्याचे म्हणणे. पंचनामा, शवविच्छेदन रीतसर झाले आणि आकस्मिक मृत्यूची नोंद करण्यात आली.

अंत्यविधीनंतर तिचा भाऊ ठाण्यात आला. तिचा नवरा आखाती देशात मेकॅनिक होता. तिला लिहिता येत नव्हते. घरचे लोक कॅसेटवर बोलत आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर ती धाडत.

"साहेब, बाजारात भेटली तवा म्हनली, दिराचा तरास समदा टेपमधी बोलले हाय. ती कॅसेट तेवढी बघा."

दिराला बोलावले. कॅसेटचे नाव काढताच तो हसला. "गाण्याच्या हायत, न्या की. ठाण्यात करमत न्हाई का साहेब तुमाला?"

कोणती कॅसेट, हे त्याने विचारले नाही. मी घरझडती घेतली. टेपरेकॉर्डर फडताळात होता. कॅसेट मिळाली ती घरामागच्या उकिरड्यावर. फीत ओढून काढून चुरगाळलेली, तीन ठिकाणी तुटलेली, शेणाने माखलेली. पंचांसमक्ष ती जप्त केली.

परभणीला आमच्या बिनतारी विभागात एक हवालदार होते. त्यांनी फीत ओल्या कापसाने पुसली, सावलीत सुकवली, तुकडे जोडले आणि नव्या कॅसेटमध्ये गुंडाळली. फितीवरचा तपकिरी थर बोटाला लागत होता.

"साहेब, ही एकदाच नीट वाजंल. दुसऱ्या मशिनवर उतरवून घेऊ. मधी कुणी खोकू नका."

पंचांना बसवून कॅसेट लावली. सुरुवातीला तिचा आवाज आलाच नाही. आधी खरखर, मग भांड्याचा आवाज, आणि लांबून एक म्हातारी बोलली.

"तिचा आवाज गेला का रे?"

"जायलाय."

"ढकलताना कुणी बघितलं तर न्हाई ना?"

"न्हाई म्हन्लं ना, माय. बादली तिथंच ठिवलीय."

दिराने तिचे बोलणे पुसण्यासाठी टेप रेकॉर्डवर लावून ठेवला होता. त्या घरात टेप तोंडाशी धरून, ओरडून बोलायची पद्धत होती. तसे केले नाही तर परदेशात ऐकू जात नाही, असा सर्वांचा समज. खोलीत लांब बसून बोललेले टेपमध्ये जाणार नाही, याची दोघांना खात्री होती. आवाज ऐकवल्यावर दीर त्या यंत्राजवळ वाकला. मग म्हणाला, "मी तर लांब व्हतो." त्याचा जबाब तिथून पुढे सरळ झाला. दीर आणि सासू, दोघांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

फितीच्या शेवटाकडे "लाईट जायलीय वाटतं" असे शब्द होते. वीज गेली, पुसणे तिथे थांबले, आणि वीज परत यायची वाट न पाहता दिराने फीत ओढून फेकली होती. त्या शब्दांपुढे काही क्षण तिचा आवाज होता.

नवरा आला तेव्हा सगळे संपले होते. आई आणि भाऊ कोठडीत, घराला कुलूप. त्याने एवढेच विचारले, "ती काय म्हनली?"

मी उतरवून घेतलेली कॅसेट लावली.

"...तुमचा निळा शर्ट धुऊन पेटीत ठिवलाय. कसर लागू नये म्हनून लिंबाचा पाला घातलाय. तुमी आल्यावर घाला."

"तरासाचं?"

"ते पुसले गेले."

"मला सांगायचं व्हतं ते?"

मी होकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा लावायला सांगितले नाही.

तपास म्हणून ते यशस्वी प्रकरण होते. दिराला जन्मठेप झाली. वरिष्ठांनी शाबासकी दिली. मारणारे कोण, हे त्या फितीने सांगितले. तिला काय सोसावे लागले, याचा तिचा स्वतःचा एक शब्दही आम्हाला परत मिळवता आला नाही. पुरावा हाती लागणे आणि मेलेल्या माणसाचे म्हणणे ऐकू येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हा शिकलो. पुढे प्रत्येक आकस्मिक मृत्यूच्या नोंदीवर सही करण्यापूर्वी मी माहेरच्यांना बोलावून घेत असे.

कॅसेट ऐकवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा नवरा पुन्हा ठाण्यात आला होता. हातात निळा शर्ट होता, घडीत वाळलेला पाला.

"हे मुद्देमालात जमा करावं लागंल का, साहेब?"

"नाही," मी म्हणालो.

त्याने पाला सांडू न देता घडी पुन्हा घातली आणि तो गेला.