मीटरकाकांचा हौद

पाण्याचे मीटर वाचण्यात ज्यांची सव्वीस वर्षं गेली, त्या गृहस्थांना सगळा भाग मीटरकाका म्हणूनच ओळखायचा. खरं नाव पगारपत्रकावर होतं तेवढंच. अंग सडसडीत, मान जराशी पुढे झुकलेली, कारण मीटर नेहमी जमिनीलगतच बसवलेले असतात. फाटक वाजवायचं, मागच्या अंगणात जायचं, झाकण उचलायचं, काच पुसायची, आकडा टिपायचा आणि आल्या वाटेने बाहेर. कुणी चहाचं विचारलं, तर "नको, पुढची घरं आहेत," एवढं एकच वाक्य त्यांनी सव्वीस वर्षं पुरवून पुरवून वापरलं होतं.

त्यांची बायको अगदी उलट. शिवणयंत्र आणि तोंड दोन्ही एकदम चालवणारी. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता त्याच्या घरची सगळी हकिगत काढून घ्यायची. पण त्या वर्षी तिचा पायरीवरून पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली, हाताशी वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने धीर धरा." धीर तिने धरला, पण बोलणं सोडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून ती नुसती बाहेर बघत बसायची. बाहेर होता सिमेंटचा हौद. दिवसभर नळाला पाणी येऊ लागल्यापासून तो रिकामाच होता. आत एक मोडकी बादली आणि वाळकी पानं.

एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "अहो, लहानपणी आम्ही तळ्याकाठी राहायचो. बाबा तिथे राखणदार होते ना. सकाळी खिडकी उघडली की कमळंच कमळं. आता खिडकी उघडली की ती बादली."

आणि स्वतःशीच हसली. तीन आठवड्यांत एवढं लांब ती पहिल्यांदाच बोलली होती.

रविवारी मीटरकाकांनी हौद घासला, भेगेत सिमेंट भरलं. मंगळवारी सुट्टी टाकून रोपवाटिका गाठली. तिथले भाव ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले.

"पाण्यातल्या लिलीचं एक रोप साडेसहाशे," मालक म्हणाला. "कमळाचा कंद बाराशे. काठाची गवतं अडीचशेपासून पुढे. तुमच्या हौदाला सात-आठ रोपं तरी हवीत. पाणी उघडं राहिलं की हिरवं होतं."

"यात स्वस्त काही?"

"प्लास्टिकचं आहे. नव्वदला एक."

मीटरकाकांनी ते घेतलं. घरी येऊन पाण्यावर सोडलं. गुलाबी, कडक, वाऱ्याने गोल गोल फिरणारं. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." संसाराच्या छत्तीस वर्षांत तिने त्यांची एकही खरेदी अशी एका झटक्यात छान म्हटली नव्हती. मीटरकाकांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की त्यांनी ते फूल काढून मोरीच्या मागे टाकून दिलं.

पुढच्या आठवड्यात ते नेहमीच्या फेरीवर होते. शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंच्या घरामागे छोटंसं तळं होतं. आजवर त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाई साडी खोचून पाण्यात उभ्या होत्या आणि लिलीची जाळीच्या जाळी उपटून काठावर फेकत होत्या. मीटरकाका जागच्या जागी थबकले.

"बघत काय राहिलात?" बाई ओरडल्या. "आकडा तळ्यात नाहीये, तिकडे आहे!"

"बाई, हे तुम्ही टाकून देणार?"

"नाही, फ्रेम करून भिंतीला लावणार! दरवर्षी उपटावं लागतं. नाहीतर सगळं तळं गिळून बसतात."

"दुकानात साडेसहाशेला एक आहे."

"दुकानात आहे ते माझंच आहे," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी दोन पोती भरून फुकट नेली त्या माणसाने."

सव्वीस वर्षांत मीटरकाकांनी कुठल्याही घरी पाण्याचा घोटसुद्धा मागितला नव्हता. "मला एक द्याल? बायको आजारी असते. तिला..."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "पँट दुमडा आणि उतरा आत. हातात आयतं मिळणार नाही."

गुडघाभर चिखलात उभं राहून मीटरकाकांनी शिकवणी घेतली. कंद कुठे तोडायचा, कोंब फुटायचा डोळा कसा ओळखायचा. "खताची भुसभुशीत माती घालू नका, तरंगून वर येते. चिकणमाती घ्या. कंद आडवा ठेवा, डोळा वर. वरून खडी दाबा. कुंडी आधी विटांवर ठेवा, पानं पाण्याबाहेर आली की एकेक वीट काढा. डासांसाठी गप्पी मासे सोडा. आणि नाल्यातली जलपर्णी आणून टाकलीत तर याद राखा!" मीटरकाकांनी सगळं नोंदीच्या कागदामागे लिहून घेतलं.

घरी कुंडी भरायला बायको स्वतः बसली. स्टुलावर कुंडी, मांडीवर जुनी चादर, कोपरापर्यंत चिखल.

"अहो, डोळा वर, डोळा वर! कापड उलटं बेतल्यासारखं काय करताय?"

ती ओरडली याचाच मीटरकाकांना इतका आनंद झाला, की त्यांनी कंद मुद्दाम आणखी एकदा उलटा धरला.

चार दिवसांत होती ती पानं पिवळी पडून सडली. बायकोचा चेहरा पडला. "बाईंना विचारून या," तिने फर्मान काढलं. मीटरकाका वाट वाकडी करून गेले आणि निरोप घेऊन आले: "पहिली पानं जातातच. नव्या जागी कुणाचंही असंच होतं. हात लावू नका." मग रोजच निरोपांची ये-जा सुरू झाली. प्रश्न इकडून, उत्तर तिकडून, आणि मीटरकाका मधल्या मध्ये पोस्टमन. दोघींनी एकमेकींना पाहिलंही नव्हतं, पण भांडण्याइतकी ओळख झाली होती.

बाराव्या दिवशी तांबूस रंगाचं एक पान गुंडाळी सोडत वर आलं. ते जवळून बघायला बायको वॉकर घेऊन मागच्या दाराबाहेर पडली. हौदापर्यंत अकरा पावलं. मीटरकाका तिच्यामागून हात पसरून चालत होते.

"धरू नका," ती म्हणाली. "पडले तर पाण्यात पडेन."

दीड महिन्याने फिकट गुलाबी फूल उमललं. तोवर मीटरकाकांची भीड चेपली होती. एका बस ड्रायव्हरकडून त्यांनी छत्रीसारखं पाणगवत आणलं, एका छापखानेवाल्याकडून पाण्यात बुडून राहणारी, हिरव्या शेपटीसारखी वनस्पती. बदल्यात बायको कुणाची पिशवी शिवून द्यायची, कुणाच्या उशीला अभ्रा. खर्च झाला तो फक्त कुंड्यांचा.

मग एक दिवस मीटर वाचून निघताना बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या, "घर विकलं. एकटीला झेपत नाही, फ्लॅटमध्ये जातेय. नवीन लोक तळं बुजवून गाडी ठेवणार आहेत."

मीटरकाकांनी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "मग बसलात काय? तुमच्या भागात घरं किती?"

"चारशे बारा."

"त्यातल्या कुणाकडे हौद, टब, फुटकी टाकी पडून आहे?"

"मला काय ठाऊक?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? सव्वीस वर्षं लोकांच्या मागच्या दारी जाताय!"

आणि खरंच, त्यांना सगळं ठाऊक होतं. कागद घेऊन बसले तर चौतीस घरं निघाली. प्रत्येक फाटक वाजवून ते सांगत गेले, "मीटरसाठी नाही आलो. तुमच्याकडे पाण्याची झाडं लावाल का?" लोक आधी चमकायचे, मग आत बोलवायचे. मीटरकाकांनी त्या आठवड्यात इतका चहा प्यायला, की रात्रीचं जेवण जाईना.

रविवारी बायको रिक्षाने बाईंच्या घरी आली. दोघींनी एकमेकींना खालून वर पाहिलं.

"तुम्हीच का त्या, रोज प्रश्न पाठवणाऱ्या?"

"आणि तुम्हीच रोज रागावणाऱ्या."

बस्स. बाई पाण्यात उतरल्या, मीटरकाका कंद काढून देत राहिले, बायको कापडाच्या कात्रीने मुळं नीट करून ओल्या चिंध्यांत गुंडाळत राहिली. संध्याकाळपर्यंत माणसं येत होती आणि एकेक गाठोडं नेत होती. शेवटी तळ्यात नुसतं गढूळ पाणी उरलं. बाई काठावर बसून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "सगळी गेली. बरं झालं."

"सगळी कुठे?" बायको म्हणाली. मांडीवरच्या चादरीखालून तिने एक गाठोडं काढलं. त्यातला सगळ्यात जाड कंद तिने दुपारीच बाजूला ठेवला होता.

"फ्लॅटमध्ये कुठे ठेवू मी हे?"

"गॅलरीत. टब मी बघून ठेवलाय."

पुढच्या रविवारी मीटरकाकांनी तो टब बाईंच्या नव्या फ्लॅटवर, पहिल्या मजल्यावर चढवला. मागून बायको काठी टेकत, एकेक पायरी मोजत आली. कंद लागला, खडी दाबली, पाणी भरलं. बाई टबाशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि गढूळ पाणी निवळायची वाट बघू लागल्या.

"गुरुवारी येऊ का?" निघताना बायकोने विचारलं. "पान आलं का ते बघायला?"

"गुरुवारी कशाला? उद्या या," बाई म्हणाल्या. "जिना चढवत नसेल, तर मी खाली येऊन बसेन."