ठणठणीत गुडघा

एका कंपनीच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर खेळाडूंना घेऊन माझ्या हाडांच्या ओपीडीत यायचे. मी कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉलवाल्यांना माझ्याकडे रांग नसे. गप्पा मारता मारता ते किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलायचे. पहिली फोड मला, दुसरी खेळाडूला, उरली तर स्वतःला. दर वाक्याला ‘पक्का ना जी?’ चंडीगडमध्ये इतका मायाळू माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

त्यांच्या सगळ्यात भारी फॉरवर्डचा करार संपला. आता तो कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा होता. गोव्याची, कलकत्त्याची माणसं त्याच्यासाठी आमच्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आली होती. मॅनेजरांनी त्याला तपासायला आणलं. दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, असं मी लिहून दिलं. तो कागद त्यांनी घडी करून स्वतःच्या खिशात घातला.

थोड्या वेळानं मी बाहेर आलो, तर ते जमिनीवर उकिडवे बसून त्याच्या उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज बांधत होते. अगदी हलक्या हातानं.

“डॉक्टरसाब को शक है, पुत्तर. इस पैर पे ज़ोर मत देना.” मग माझ्याकडे वळून, “पक्का ना जी?”

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. तो फाटकातून, त्या बाहेरच्या माणसांसमोरून, लंगडत गेला.

चार दिवसांत बाहेरची माणसं परत गेली. त्यानं जुन्याच पगारावर पाच वर्षांची सही केली.

नंतर तो बर्फीचा डबा घेऊन आला.

“सब छोड़ के चले गये, डॉक्टरसाब. एक मॅनेजर सरजी ने नहीं छोड़ा.”

मी बर्फी घेतली.