कोपर ते बोट

तायमी राइहा जुन्या चिंध्यांच्या सतरंज्या विणायची आणि शब्द गोळा करायची. सतरंज्या गावाला, शब्द चिठ्ठ्यांवर लिहून हेलसिंकीच्या फिनिश शब्दकोशवाल्यांना. यंदा त्यांनी कोपराबद्दल विचारलं होतं. तायमीनं ठासून लिहिलं: कोपराला आपण 'क्यूनॅर्पॅ' म्हणतो, कारण 'क्यूनॅर' म्हणजे कापड मोजायचा हात आणि 'पॅ' म्हणजे टोक. आमच्या बायका कोपर ते मधलं बोट असंच मोजायच्या. मोजणी जिथून सुरू, ते टोक.

उत्तर आलं: आमच्या कचेरीतल्या लेहतिलाबाई गुरुवारी तपासायला येताहेत. पुरावा नसेल तर चिठ्ठी बाजूला ठेवावी लागेल.

दुकानदार एमेलीला आयतंच सापडलं. "अगं, क्यूनॅर म्हणजे माझ्या आजोबांचा हा लोखंडी गज! कोपरबिपर सगळं तुझं खूळ. एवढी हट्टी तू कोणावर गेलीस कोण जाणे."

"गुरुवारी ये गज घेऊन," तायमी म्हणाली. आठवडाभर तिनं माळा उपसला. कागदाचा कपटाही मिळाला नाही.

गुरुवारी सकाळी ती सतरंज्या धुवायला तळ्याच्या धक्क्यावर गेली. पाहुणी येणार आणि सतरंज्या मळक्या, हे काही तिला खपलं नसतं. आजी रीक्का तायमीच्या जन्माआधीच गेलेली; तिनं विणलेली लांब सतरंजी पसरून तायमी गुडघ्यांवर बसून घासू लागली. साबणावरून गुडघा सटकला आणि ती पुढे आपटली. कोपर एका लाल रेघेवर, मधलं बोट पुढच्या लाल रेघेवर!

कोपर तिनं पुढच्या रेघेवर ठेवलं. बोट पुन्हा लाल रेघेवर. पुन्हा! "अगं बाई गं!" ती अशी ओरडली की शेजारच्या बायकांचे ब्रश थांबले. घरानं इतकी वर्षं जी नक्षी म्हणून तुडवली, ती आजीची मोजणी होती.

लेहतिलाबाई आणि एमेली धक्क्यावरच आले. बाईंनी गज लावून पाहिला. तो रेघ ओलांडून चांगला वीतभर पुढे गेला. एमेली खोकला.

"राइहाबाई, आता तुमचा हात."

एक, दोन, तीन... सातव्याला बोट बरोबर सतरंजीच्या काठावर. बाई खाली बसून भराभर लिहू लागल्या. "चिठ्ठी राहणार! आणखी काही लिहू?"

तायमी आपल्या साबणानं माखलेल्या हाताकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"लिहा की," ती एमेलीकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "तायमी आजीवर गेलीय."