धोंडुबाई, तिची मुंगी आणि लुगडं

कोल्हापुरात पेठेतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येतात. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळतं दूध तिथंच पेल्यात ओतायचं, अशी इथली रीत. या कट्ट्यावर धोंडुबाई म्हणजे मोठं प्रस्थ. दुधात पाणी आहे का, असं कुणी नुसतं डोळ्यांनी विचारलं तरी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. तिच्या म्हशीचं नाव मुंगी. एवढं धूड, आणि नाव काय तर मुंगी! पण जनावर भारी मानी. धोंडुबाईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायचं नाही. लेकानं, विश्वजितनं, एकदा हात लावला. दुधाची चरवी गटारात आणि विश्वजित शेणात.

अशा बाईच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. कॅन्सरची.

"मावशी, काढायचे दोन मार्ग आहेत," सर्जन वल्लरीबाई म्हणाल्या. "दुर्बिणीतून केलं तर पोटाला चार-पाच भोकं, दुखणं कमी, लवकर घरी. पोट उघडून केलं तर बरगडीखाली मोठा छेद, आणि तीन महिने जड उचलायचं नाही, नेट लावायचा नाही."

"मग भोकंच पाडा की! आमच्या गणपतरावाचं पित्ताशय भोकातनंच काढलं. आठवड्यात गडी कट्ट्यावर हजर."

"बऱ्याच गाठी मीही तशाच काढते. जागा सोयीची असली की गुण दोन्हीत सारखाच. पण तुमची गाठ मागं, मोठ्या शिरेला चिकटलीय. रक्त सुटलं तर माझा हात तिथं पोचायला हवा."

विश्वजितला काही हे पटलं नाही. "पोट फाडायचं दिवस गेलं, आई. दुसरा डॉक्टर बघू." धोंडुबाईलाही तेच हवं होतं. मरणाचं भय तिला तेवढं नव्हतं. धार थांबली की मुंगी आटणार, आणि आटलेली म्हैस घरात कोण ठेवून घेणार? नवरा गेला तेव्हा ती याच जनावराच्या गळ्यात पडून रडली होती. मुंगी दावणीवरून जाणार, हेच तिला सोसवत नव्हतं.

गोठ्यात सून वर्षाराणी हळूच म्हणाली, "आत्ती, मुंगीचं रेडकू अडलं तवा तुम्ही काय केलासा? कोपरापतुर हात घातलासा. त्यानंच दोन्ही वाचली की."

धोंडुबाई बराच वेळ मुंगीची पाठ खाजवत राहिली. "खरं हाय. हात घातल्याबिगर भागत न्हाय कवाकवा," ती म्हणाली. "पर हिचं काय करू गं?"

"तुमचं अंगावरचं लुगडं द्या मला. न धुता."

पोट उघडलंच. शीर फुटली, रक्त सुटलं, आणि वल्लरीबाईंच्या बोटांनी ते दाबून धरलं. गाठ निघाली. इकडं पंजाबी ड्रेसातली वर्षाराणी सासूचं घामट लुगडं नेसून, सासूसारखंच "ये गं बया माझे" म्हणत म्हशीखाली बसू लागली. लाथा खाल्ल्या, शिव्या घातल्या, शेवटी मुंगी पान्हावली.

तीन महिन्यांनी धोंडुबाई कट्ट्यावर आली. अंगात ढगळ गाऊन, मलमाचा वास, निम्मी झालेली. सगळा कट्टा उठून उभा राहिला.

"सर गं, बसू दे मला," ती वर्षाराणीला म्हणाली आणि पोट सांभाळत खाली बसली. सडाला हात लावला. मुंगी बाजूला सरकली. "ये गं बया माझे," तिनं साद घातली. मुंगीनं पान्हा चोरला, मान वळवून वर्षाराणीकडं बघत राहिली. निरुपायानं वर्षाराणी खाली बसली, आणि चरवीत धार वाजायला लागली.

"मला वळखलं न्हाय गं तिनं!" धोंडुबाई सगळ्यांदेखत रडली, छेद ठणकेपर्यंत रडली.

वर्षाराणीचा हात थांबला. "आत्ती, घरला गेल्याव लुगडं परत देते तुमचं."

धोंडुबाईनं डोळे पुसायला पदर चाचपला. गाऊनला कुठला पदर? तिनं सुनेच्या अंगावरचा, आपल्याच लुगड्याचा, पदर ओढून घेतला आणि तोंड पुसलं.

"ऱ्हाऊ दे तुझ्याच अंगाव," ती म्हणाली. "धार थांबवू नगंस. आटंल ती."