मी वाचून दाखवलेला रिपोर्ट

यमुनाकाकूवर मी लिहावं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माफी तिच्यासमोर मागायला हवी होती. ती आता वाचणाऱ्यांसमोर मागतोय, हेही बरोबर वाटत नाही. तिला जाऊन सहा आठवडे झाले.

काकू चामटोलीत आमच्या शेजारी एकटीच राहायची. एकटी म्हणजे, तिचा बंड्या होता. काळा, एका कानाचा तुकडा गेलेला कुत्रा. तो खाईना, लघवी लाल होऊ लागली, तेव्हा आम्ही त्याला रिक्षात घालून बदलापूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानाच्या टोकाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला, पायातूनही थोडं रक्त काढलं. "रिपोर्ट मोबाइलवर येईल. आला की मला फोन कर," म्हणाले.

रिपोर्ट सगळा इंग्रजीत. काकूचा मुलगा सुधीरदादा त्या दिवशी बदलापूरच्या फ्लॅटवरून आला होता. काकूने मला ओट्यावर बसवलं. "वाच रं सायबा. आपल्या आळीत कॉलेजात जाणारा तू एकलाच. काय लिवलाय?"

रक्ताच्या तांबड्या पेशींत परजीवी सापडलाय, एवढं मला कळलं. दादाने विचारलं, "माणसाला होतो का?"

ते रिपोर्टमध्ये नव्हतं. मला माहीतही नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते... मी म्हणालो, "होत असेल. रक्तातलं आहे ना." आणि डॉक्टरांना फोन करायला लाजलो. काहीतरी अडाण्यासारखं विचारीन, अशी भीती वाटली.

"आई, माझी पोर इथे येते. कुत्रा राहणार नाही."

"पोर वर्सातून दोनदा येते. ह्यो रोज हाय." काकूने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये बघत राहिलो.

दादाने बंड्याला टेम्पोत घातलं आणि अंबरनाथच्या आनंदनगरला कंपन्यांच्या मागे सोडून दिलं. काकू आठवडाभर तिथे जाऊन गेटागेटावर विचारत फिरली. "औषध तरी दिला असता रं त्याला," एवढंच एकदा मला म्हणाली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढे तिचं जेवणावरून मन उडालं, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले. असेल...

परवा बदलापूरच्या डॉक्टरांचा फोन आला. आनंदनगरच्या एका वॉचमनने बंड्याला पाळलंय. अंबरनाथला उपचार करून, रक्त पुन्हा तपासायला त्यांच्याकडे आणलं होतं. कानावरून त्यांनी ओळखलं.

मी आता विचारलं, "डॉक्टर, तो आजार त्याच्यापासून माणसाला होतो का?"

"छे रे! गोचिडीमुळे झाला होता. तेव्हाच फोन करायचास ना." मग हसून म्हणाले, "रक्त साफ आलंय. वॉचमन परत द्यायला तयार आहे. काकूंना सांग, येऊन घेऊन जा."