गार्डसाहेबांचं आडनाव

आमच्या घरात चार पिढ्या हातमाग, आणि मी पहिला कारकून. साठ-सत्तरच्या दरम्यान नागपूर स्टेशनात पार्सल ऑफिसला लागलो, तिथे गार्डसाहेबांची ओळख झाली. अँग्लो-इंडियन माणूस, निवृत्तीला आलेला, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन इंग्लंडला. आडनाव वीव्हर.

त्या आडनावाचा त्यांना कोण अभिमान! फार पूर्वी इंग्लंडात आडनावंच नव्हती, ते सांगत. एका गावात एकाच नावाचे चार जण निघाले की कामावरून ओळखायचे. लोहार तो स्मिथ, दळणारा तो मिलर, विणणारा तो वीव्हर. पुढे पोरांनी धंदा सोडला तरी नाव चिकटलं ते चिकटलं. आपले आजोबा गोरे शिपाई म्हणून कामठीच्या छावणीत आले, असं त्यांच्या घरात सगळे धरून चालले होते. साहेब माझ्याहून सावळे होते. पण तो रेल्वेच्या उन्हाचा रंग, असं ते म्हणत आणि मी मान डोलवायचो.

निवृत्तीनंतर मुलीचं पत्र आलं. आजोबा इंग्लंडातले होते असा कागद मिळाला, तर तुम्हाला कायमचं इकडे आणता येईल. नातू चार वर्षांचा झाला होता आणि साहेबांनी त्याला फक्त फोटोत पाहिलं होतं. त्यांना मोतीबिंदू, म्हणून त्यांच्या वडिलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची नक्कल आणायला कामठीच्या चर्चमध्ये मी गेलो.

नोंदीखाली शेरा होता. मुलाचा बाप, म्हणजे साहेबांचे आजोबा, मिशनच्या अनाथालयात वाढलेला. दुष्काळात सापडलेलं कोष्ट्याचं पोर. आडनाव पाद्र्यांनी जातीवरून ठेवलेलं.

आम्हीही कोष्टीच! मला इतका आनंद झाला की अक्कल गहाण पडली. कागद घेऊन साहेबांकडे जायचं सोडून मी आधी घरी गेलो. आमच्या घराची रीत अशी, की दुरावलेला भाऊबंद सापडला की त्याला टिळा लावून घरच्या मागावरचं कापड आहेर करायचं. वडिलांनी नवं धोतर काढलं, आईने कुंकवाचा करंडा घेतला आणि आम्ही तिघं साहेबांच्या दारात हजर.

"सायेब, तुमी तं आमचेच निघाले!" वडिलांनी टिळा लावून धोतर त्यांच्या मांडीवर ठेवलं. "आता परकेपण काहून?"

"आता जेवाले आमच्या घरी येत जा भाऊजी," आई म्हणाली. "एकटे काहून राहता?"

साहेबांनी कागद मागितला. भिंग लावून वाचला, पुन्हा वाचला. मग वडिलांना म्हणाले, "बसा भाऊ, चाय करतो."

चहा झाला. आईवडील पायऱ्या उतरले तेव्हा साहेब मला हळूच म्हणाले, "पोरीले आता काय लिहू? नातवाले पाहाचं होतं मले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

तो कागद त्यांनी कुठेच पाठवला नाही. गार्डाची नोकरी केलेला माणूस, त्यांच्या लेखी नोंद म्हणजे नोंद. दर दिवाळीला ते आमच्याकडे जेवायला यायचे, आईच्या स्वयंपाकाचं कौतुक करायचे आणि पाहुण्यासारखे अंग चोरून बसायचे. चार-पाच वर्षांनी गेले. मुलगी पोचू शकली नाही. माती वडिलांनी आणि मी टाकली. कबरीपाशी वडील रडले. मला रडायचाही हक्क नाही असं वाटत राहिलं.

कारण एक गोष्ट मी साहेबांना कधीच सांगितली नाही. नक्कल लिहिण्याआधी कामठीच्या फादरनी मला विचारलं होतं, नाव आणि तारीख एवढंच देऊ, की खालचा शेराही हवा? नुसत्या आडनावावर साहेबांचं काम झालं असतं की नाही, देव जाणे. मी मात्र छाती फुगवून म्हणालो होतो, "सगळं लिहा फादर, एक अक्षर सोडू नका."